महासभेतून लोकसभेत : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात निवडणुकीवरची पत्रं जास्त आहेत. कारण उघड आहे. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. इतकी वर्षं हाक मारायला नगरसेवकच नव्हता. आता आहे, म्हणून प्रश्नही आले. मी सत्तावीस वर्षं वार्ताहर होते. महापालिका, जिल्हा परिषद आणि अधूनमधून दिल्लीची अधिवेशनं हे माझं काम. तिथे जे पाहिलं आणि कायद्याच्या पुस्तकात जे वाचलं, त्याच्या आधारानेच ही उत्तरं लिहिते आहे.

प्रश्न : माझे वडील ८९ वर्षांचे आहेत. ते ठासून सांगतात, ‘मी यशवंतराव चव्हाणांना नाशिकमधून मत दिलंय.’ माझा मुलगा म्हणतो, यशवंतराव कऱ्हाडचे, त्यांचा नाशिकशी काय संबंध? घरात रोज वाद होतो. खरं काय? – एक वाचक, जेलरोड

उत्तर : यशवंतराव नाशिकचे खासदार होते हे अगदी खरं. मात्र त्यांना मत द्यायची वेळ नाशिककरांवर आलीच नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनशी युद्ध चालू असताना, संरक्षण खातं सांभाळलेले कृष्ण मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि पंडित नेहरूंनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हापासून म्हटलं जातं. पुढे १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. रिंगणात एकच उमेदवार उरला की निवडणूक अधिकारी त्याला निवडून आल्याचं जाहीर करतो, पेट्या लागतच नाहीत. वडिलांनी मत दिलं असेल ते १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत. तेव्हा लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींचं मतदान एकदमच व्हायचं. साठ वर्षांत दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या, इतकंच. त्यांना खोटं पाडू नका. १९६७ मध्ये यशवंतराव साताऱ्यातून उभे राहिले, म्हणून नातवाला नाशिक ठाऊक नाही.

नातवाला आणखी एक सांगा. ज्या माणसाला आपण बिनविरोध दिल्लीला पाठवलं, त्याच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १ मे १९६२ ला, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याआधी वसंतराव नाईक समितीचा अहवाल आला होता आणि १९६१ चा कायदा झाला होता. गावच्या शाळेचं छप्पर, दवाखाना, गुरांचा डॉक्टर यांचा निर्णय तालुक्याला आणि जिल्ह्याला निवडून आलेल्या माणसांनी घ्यायचा, हे तेव्हा ठरलं. यशवंतरावांच्या कामात मला संरक्षण खात्याइतकंच हे काम मोठं वाटतं.

प्रश्न : आम्ही राहतो नाशिक जिल्ह्यात, कलेक्टर नाशिकचे, पण खासदार धुळ्याचे. हा काय प्रकार आहे? आमचं गाऱ्हाणं कुणी मांडायचं? – एक शेतकरी, सटाणा

उत्तर : दादा, नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत आणि ते तीन खासदारांत वाटले गेले आहेत. सिन्नर, नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी हे नाशिक लोकसभेत येतात. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे दिंडोरीत. उरलेले तीन, म्हणजे मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि तुमचं बागलाण, धुळ्याला जोडलेले आहेत. २००८ च्या पुनर्रचनेपासून ही मांडणी आहे. तेव्हा तुमचं गाऱ्हाणं धुळ्याच्या खासदारांनीच मांडायचं. कांद्याची निर्यात, डाळिंबाचा पीकविमा, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग ही दिल्लीतली कामं आहेत, ती त्यांच्याकडे हक्काने न्या. तलाठ्याचं, रोहित्राचं, शाळेच्या खोलीचं काम मात्र त्यांच्याकडे नेऊ नका, फेरा वाया जाईल.

प्रश्न : आमच्या कॉलनीत महापालिकेचा मोकळा भूखंड आहे. तिथे फिरायला ट्रॅक आणि चार दिवे हवेत. खासदारांच्या कार्यालयात तीनदा जाऊन आलो. ‘बघू’ म्हणतात. खासदाराला पाच कोटी मिळतात ना? – कॉलनीतले ज्येष्ठ, सिडको

उत्तर : खासदाराला पाच कोटी ‘मिळत’ नाहीत, आणि हा गैरसमज पसरवण्यात माझाही हातभार आहे. नवीन असताना मी एकदा छापलं होतं, ‘खासदारांनी समाजमंदिर मंजूर केले.’ दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीतल्या एका कारकुनाने मला बसवून घेतलं आणि ती फाईल उघडून दाखवली. वर खासदारांचं एका पानाचं पत्र होतं. त्यात फक्त शिफारस. त्याखाली जागा कुणाची याचा उतारा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, आणि सगळ्यात शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता. मंजुरी त्या शेवटच्या कागदाने मिळाली होती. ती चूक मी नंतर कधी केली नाही.

खासदार निधीची योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी खासदारामागे ५ लाख होते, मग एक कोटी झाले, दोन कोटी झाले आणि २०११-१२ पासून ५ कोटी आहेत. त्यातला १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावा लागतो. आता आपला हिशेब करून बघा. नाशिक लोकसभेत वीस लाखांवर मतदार आहेत. पाच कोटींना त्या आकड्याने भागलं तर मतदारामागे वर्षाला पंचवीस रुपयेही येत नाहीत. एवढ्या पैशात सहा विधानसभा मतदारसंघांचे ट्रॅक आणि दिवे होणार नाहीत.

तुमचा भूखंड महापालिकेचा आहे. सिडकोच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या, त्याची प्रत प्रभागातल्या चारही नगरसेवकांना द्या, आणि चौघांच्याही पोच घ्या. चार जणांचा प्रभाग झाल्यापासून ‘ते काम अमक्याचं’ म्हणून एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. चार पोचा हातात असल्या की तेवढी पळवाट राहत नाही.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची आहे, पंचवटीत राहते, बी.कॉम. करून एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. जानेवारीत एका उमेदवाराचा प्रचार केला आणि वाटलं, पुढच्या वेळी आपणच उभं राहावं. घरी बोलले तर मामा म्हणाले, ‘गटारी आणि दिवाबत्ती बघण्यात आयुष्य जाईल. करायचंच तर मोठं राजकारण कर.’ मला खरंच एक दिवस संसदेत जायचंय. मग नगरसेवकपदात वर्षं घालवणं वाया जाईल का? आपल्याकडून असं कुणी गेलंय का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. मामांचं वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या टेबलावरही हेच बोललं जायचं की महापालिका नवशिक्यांना द्यायची, खरी बातमी मुंबई-दिल्लीत असते. सत्तावीस वर्षांनंतर मी तुला छातीठोकपणे सांगते, हे चुकीचं आहे.

आधी ‘कुणी गेलंय का’ ते सांगते. डॉ. शोभा बच्छाव या आपल्या महापालिकेच्या महापौर होत्या. २००४ मध्ये त्या आमदार झाल्या, राज्यमंत्रीही झाल्या. आणि २०२४ मध्ये धुळ्यातून लोकसभेवर गेल्या, त्याही अवघ्या ३,८३१ मतांनी. सटाण्याच्या दादांना वर जे सांगितलं त्याच्याशी हे ताडून बघ, म्हणजे नाशिकच्या माजी महापौर धुळ्याच्या खासदार कशा, याचं नवल वाटणार नाही. त्या मतदारसंघाचा निम्मा भाग आपल्याच जिल्ह्यातला आहे. डॉ. भारती पवार जिल्हा परिषदेच्या सदस्य होत्या. २०१४ ला दिंडोरीत हरल्या, २०१९ ला जिंकल्या, जुलै २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या, आणि २०२४ ला पुन्हा हरल्या. हेमंत गोडसेही जिल्हा परिषदेतूनच आले. २००९ ची लोकसभा हरले, २०१४ आणि २०१९ जिंकले, २०२४ ला राजाभाऊ वाजे यांच्याकडून हरले. कुणाचा पक्ष कोणता, ते इथे बाजूला ठेव. पायऱ्या बघ, आणि मधले पराभवही बघ.

आणि तू पंचवटीची आहेस, तर काळाराम मंदिर तुझ्या रोजच्या वाटेवर असेल. २ मार्च १९३० ला तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा हा लढा पुढे जवळपास पाच वर्षं चालला, आणि तो इथे राहून रोजच्या रोज ज्यांनी चालवला ते भाऊराव, म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेला, १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकमधून लोकसभेत आणि १९६२ मध्ये राज्यसभेत. लोकसभेत असतानाच, १९५९ मध्ये, त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. खासदार झाल्यावरही ते लोकांबरोबर तुरुंगात जायला तयार होते. आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या गरीब भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी सरकारची योजना त्यांच्याच नावाने आहे. मुंबई नाक्याजवळ, भाभानगरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. लग्नाला, कार्यक्रमाला आपण तिथे जातो. पुढच्या वेळी पाटीवरचं नाव थांबून वाच.

आता ‘वर्षं वाया जातील का’ याबद्दल. यासाठी तुला एक प्रसंग सांगते. जिल्ह्यातली एक छोटी नगरपालिका, गावाचं नाव लिहीत नाही. १९९० मध्ये महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या, त्यानंतर निवडून आलेल्या एक बाई. घरी पिठाची गिरणी. सभेत पहिले काही महिने त्या एक शब्द बोलल्या नाहीत. हातात दुहेरी रेघांची शाळकरी वही असायची, तिच्या पुठ्ठ्यावर पिठाचे बोटांचे ठसे. मला वाटायचं, काहीतरी करायचं म्हणून लिहीत असतील. मग एका सभेत पाणीपुरवठ्याचा विषय आला. सगळे ‘पाणी कमी दाबाने येते, जनता त्रस्त आहे’ असं बोलून बसले. बाई उठल्या. आवाज कापत होता. म्हणाल्या, ‘आमच्या गल्लीत पाणी पाच चाळीसला सुटतं. सहा दहाला बंद होतं. शेवटच्या अकरा घरांत धार लागते सहा पाचला. पाच मिनिटांत अकरा घरांनी काय भरायचं?’

सभागृह गप्प झालं. पाणीपुरवठ्याचा अभियंता उभा राहिला, त्याच्या तोंडून नेहमीचं ‘पाहणी करून कार्यवाही करण्यात येईल’ निघेना. कारण पाहणी झालेली होती. बाई आठ दिवस पहाटे वॉल्व्हमनबरोबर उभ्या राहिल्या होत्या. तो लांब दांड्याची चावी किती वेळा फिरवतो हेसुद्धा वहीत होतं. त्या गल्लीसाठी वेगळी जोडणी टाकायचा ठराव तिथल्या तिथे झाला. पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करताना बाई पुन्हा उठल्या: ‘ठरावात सहा इंची म्हटलं होतं, इथे चार इंची लिहिलंय.’ तेही दुरुस्त झालं.

यानंतर काही वर्षांनी मी दिल्लीत लोकसभेच्या पत्रकार कक्षात बसले होते आणि मला ती वही आठवत राहिली. तिथे काय असतं ते सांगते. सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. दिवसाला २० तारांकित प्रश्न, त्यांची उत्तरं मंत्री तोंडी देतात. बाकीच्या अतारांकित प्रश्नांना फक्त लेखी उत्तर. तारांकितसाठी एका खासदाराचा दिवसाला एकच प्रश्न लागू शकतो, तोही चिठ्ठीत नाव निघालं तर. वीसपैकी पाच-सहा झाले की बारा वाजतात. म्हणजे महिन्याभराच्या अधिवेशनात एखाद्याला तोंडी प्रश्नाची संधी मिळालीच तर फार तर एक-दोनदा. ती मिळाली की मंत्री छापील उत्तर सभागृहासमोर ठेवतो, मग त्यावर खासदाराचा पूरक प्रश्न. खरी परीक्षा या पूरक प्रश्नात असते. गेल्या काही वर्षांतला कांदा घे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला ती उठली, राहिलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. यावर ‘शेतकरी उद्ध्वस्त झाला, सरकारने लक्ष द्यावे’ असं म्हणणारा खासदार खाली बसला की मंत्र्याला काहीच अडचण नसते. बंदीच्या आदल्या दिवशी लासलगावला काय भाव होता, चार दिवसांनी काय झाला, बंदरावर किती माल अडकला, हे ज्याच्या कागदावर आहे, त्याला मंत्र्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं. पाच चाळीस आणि सहा पाच, तीच गोष्ट.

इतिवृत्त तपासायची सवयही तिथे कामाला येते. मंत्री ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ म्हणाला की ते आश्वासन ठरतं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यासाठी लोकसभेची वेगळी समिती आहे. पण पाठपुरावा करणारा खासदार पाहिजे. आणि भाषेची भीती बाळगू नकोस, लोकसभेत मराठीत बोलता येतं.

महापालिकेत आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, तुझ्या हिशेबाच्या डोक्याला ती आवडेल. पैशाचा निर्णय स्थायी समितीत होतो. १६ सदस्य असतात, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. आयुक्त अंदाजपत्रक आधी तिथे मांडतात, नंतर ते महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत येतं. कुठल्या लेखाशीर्षाखाली किती शिल्लक आहे हे ज्या नगरसेवकाला वाचता येतं, त्याला ‘निधी नाही’ सांगून परत पाठवता येत नाही. जिच्या हाताने रोज खतावणी लिहिली जाते, तिने या पुस्तकाला घाबरायचं कारण नाही.

थोडे नियम. नगरसेवकाला वय २१ पुरं लागतं, लोकसभेला २५, राज्यसभेला ३०. तू पहिल्या दोन्हींत आज बसतेस. महापालिकेसाठी याच शहराच्या मतदारयादीत नाव हवं, लोकसभेसाठी देशात कुठेही चालतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या मुलांमुळे अपत्यसंख्या दोनपेक्षा जास्त झाली तर महाराष्ट्रात नगरसेवक होता येत नाही. खासदाराला मात्र ही अट नाही. हा भेद मला आजही पटत नाही. आपल्या महापालिकेत १२२ जागांपैकी ६१ महिलांच्या आहेत. लोकसभेतल्या एकतृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधलेला आहे. म्हणजे आज तुझ्यासाठी निम्मं दार उघडं आहे ते इथे, शरणपूर रोडवरच्या महापालिकेत.

मामांना एकदा घेऊन जा तिथे. राजीव गांधी भवनात महासभा असते, आणि बहुमताने वेगळं ठरवलं नसेल तर महापालिकेची सभा जनतेला खुली असते, असं कायदाच सांगतो. नगरसचिव विभागात तारीख विचार, विषयपत्रिका माग. जाण्याआधी ती पूर्ण वाच आणि तुझ्या प्रभागाचे विषय पेन्सिलने खुणावून ठेव. मग गॅलरीत बसून बघ की त्यातला कुठला मंजूर झाला, कुठला चर्चेविना गेला, कुठला तहकूब राहिला, आणि तुझ्या चार नगरसेवकांपैकी कोण उठलं. असं वर्षभर कर. एक दुहेरी रेघांची वही घे, पहिल्या पानावर तुझ्या गल्लीत पाणी किती वाजता सुटतं आणि शेवटच्या घरात किती वाजता पोचतं ते लिही. त्या दोन वेळा मला पुढच्या पत्रात कळव.